लिअरमधला गडी कापला तर आयुष्य निरर्थक होतं का?

गळकं_इंजिन

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे आणि मी साहित्यातला माणूस नाही हे आधीच सांगून टाकतो. देवगड बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, हाताला कायम डिझेलचा वास. पण नाटकाचा नाद शाळेपासून आहे.

आमच्या वाडीत मे महिन्यात सत्यनारायणाची महापूजा असते, चाकरमानी येतात, रात्री देवळासमोर नाटक. दरवर्षी मालवणी विनोदी काहीतरी करतो आणि लोक पोट धरून हसतात. यंदा आमचा दिग्दर्शक (मुंबईत नाटकाचा कोर्स करून आलाय, मी दादा म्हणतो, माणूस चांगला आहे, भांडण नाहीये) म्हणाला की शेक्सपिअरचा किंग लिअर करायचा पण आपल्या मातीतला. म्हणजे लिअर हा म्हातारा खोत, तो तीन मुलींना कलमांच्या बागा वाटायला काढतो, धाकटी गोड गोड बोलत नाही म्हणून तिला काहीच देत नाही, आणि मग थोरल्या दोघी त्याला पावसापाण्यात बाहेर काढतात. दुसरा एक म्हातारा आहे, मूळ नाटकात ग्लॉस्टर, आमच्याकडे बापूसाहेब. त्याने खोताला लपून मदत केली म्हणून मधला जावई त्याचे दोन्ही डोळे काढतो.

आता माझा रोल. गडी क्रमांक दोन. डोळे काढल्यावर जावई निघून जातो, स्टेजवर आम्ही दोन गडी उरतो, आणि मी म्हणतो की थांब, अंड्याचं पांढरं आणि कापूस आणतो, लावला की रक्त तरी थांबेल, देवा बघ रे ह्यांच्याकडे. बस. अडीच वाक्यं. पण मी त्यात एक काम घातलं होतं. खरं अंडं आणायचो. आई करते तसं कवचाच्या दोन वाट्यांत बलक इकडून तिकडे करत पांढरं खाली वाडग्यात सोडायचं. घाई केली की बलक फुटतो, म्हणून हळूच करावं लागतं, वीसेक सेकंद जातात. तालमीला शाळेच्या पडवीत त्या वीस सेकंदांत कोणी बोलायचं नाही. एकदा तर बाहेर मॅच बघत बसलेली पोरंपण खिडकीत आली.

गेल्या आठवड्यात दादाने तो भाग कापला. म्हणाला, तू वाईट करतोस म्हणून नाही, उलट फार चांगलं करतोस म्हणून. ह्या नाटकाचं म्हणणं आहे की जगण्याला काहीही अर्थ नाही, डोळे काढले, काळोख, संपलं. त्यानंतर कोणी मलमपट्टी करायला आलं की बघणारा माणूस सुटतो, त्याला घरी जायला वाट मिळते, आणि मला ती वाट बंद करायचीय. वर म्हणाला पीटर ब्रूकने पण कापलं होतं. हा ब्रूक कोण ते विचारायची लाज वाटली.

तर विचारायचं असं की शोकांतिका खरंच हेच सांगते का, की आयुष्य फुकट आहे? आणि तसं असेल तर माणसं पूजेचा प्रसाद खाऊन रात्री दोन वाजेपर्यंत ते बघायला का बसतील? रोल गेला म्हणून रडत नाहीये (थोडा रडतोय).

---

काजू_बोंडू

दोन वाजेपर्यंत बसतात कारण नंतर चहा असतो. पुढे चालू द्या.

---

शाळेची_घंटा

अरे, आधी तुझ्या दादाची बाजू सांगते कारण ती कमकुवत नाहीये. पीटर ब्रूक हा मोठा इंग्रज दिग्दर्शक. त्याने १९६२ साली लिअर केला, पॉल स्कोफिल्ड लिअर होता, आणि त्यात हे दोन गडी खरंच कापले होते. एवढंच नाही, आंधळा ग्लॉस्टर चाचपडत बाहेर जात असतानाच त्याने प्रेक्षागृहातले दिवे लावले, म्हणजे मध्यंतर झालं, उठा, चहा प्या, आणि समोर तो म्हातारा अजून दार शोधतोय. त्या सुमाराला यान कॉट नावाच्या पोलिश समीक्षकाने लिअर आणि सॅम्युएल बेकेट ह्या आयरिश नाटककाराचं नाटक शेजारी ठेवून लिहिलं होतं, त्याची सावली ह्या प्रयोगावर आहे. दुसऱ्या महायुद्धातून बाहेर आलेली युरोपातली पिढी होती ती, मलमपट्टीवर त्यांचा विश्वास बसेना ह्यात नवल नाही.

आणखी एक गोष्ट दादाच्या बाजूची. लिअरच्या दोन जुन्या छापील प्रती आहेत. १६०८ च्या प्रतीत तुझा गडी आहे आणि १६२३ च्या मोठ्या ग्रंथात नाही. म्हणजे कुणीतरी त्याच काळात तुला एकदा कापलेलं आहे, शेक्सपिअरने स्वतः की नाटकमंडळींनी, ह्यावर विद्वान अजून भांडतात. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, ४०० वर्षांची परंपरा आहे.

आता माझं म्हणणं. रत्नागिरीत कॉलेजात मी बरीच वर्षं मॅकबेथ शिकवला. दर परीक्षेत निम्म्या पेपरांत एक वाक्य ठरलेलं, ‘शेक्सपिअर म्हणतो की आयुष्य म्हणजे वेड्याने सांगितलेली गोष्ट, नुसता आरडाओरडा, अर्थ शून्य.’ आणि दर वर्षी मी लाल पेनाने समासात दोनच शब्द लिहायचे, ‘कोण म्हणतो?’ ते शेक्सपिअर म्हणत नाही, मॅकबेथ म्हणतो, आणि कधी म्हणतो ते बघ. बायको मेल्याची बातमी आलीय, किल्ल्याला वेढा पडलाय, आणि हा माणूस पाहुण्याचा, राजाचा, मित्राचा, दुसऱ्याच्या लहान पोरांचा खून करून तिथे पोचलाय.

जरा मागे जा. राजाचा खून उघडकीला येतो तेव्हा चारचौघांत दाखवायला म्हणून मॅकबेथ म्हणतो की तासाभरापूर्वी मेलो असतो तर सुखाने जगलो असं झालं असतं, आता ह्यापुढे जगण्यात काही राम उरला नाही. ते ढोंग आहे. पण पुढचे तीन अंक ते ढोंगच अक्षर न अक्षर खरं होत जातं, आणि त्याला स्वतःला ते कळलेलं नसतं. पाचव्या अंकात, त्या प्रसिद्ध भाषणाच्या दोनच प्रवेश आधी, तो मोजून सांगतो की म्हातारपणी माणसाकडे काय असायला हवं. मान, प्रेम, चार मित्र. आणि हे मला मिळणार नाही म्हणतो. आता मला सांग, ज्याला आयुष्यात अर्थच नाही असं वाटतं तो अशी यादी करेल का? अर्थ कशात होता हे त्याला पक्कं ठाऊक आहे, त्याने तो विकलाय. घर विकून आलेला माणूस म्हणतो ना, की छे, घरात काही नसतंच, भिंती आणि कौलं. तसं.

लिअर मात्र अवघड आहे, तिथे मी एवढ्या ठसक्यात बोलू शकत नाही. तरी एक बघ. तुझा दादा ज्या वाक्यावर सगळं नाटक उभं करतोय ते बहुतेक हे असणार, की देवांना आपण म्हणजे वांड पोरांना माश्या, गंमत म्हणून मारतात. बरोबर? हे ग्लॉस्टर बोलतो, डोळे गेल्यावर. पण बोलतो तेव्हा त्याचा हात कोणाच्या हातात आहे? एक म्हातारा त्याला धरून चालवत असतो. कूळ आहे ते. म्हणतो मी ८० वर्षं तुमचा आणि तुमच्या वडिलांचा कूळ आहे. ग्लॉस्टर त्याला सांगतो जा बाबा, माझ्या नादी लागलास तर तुझाच जीव जाईल, आणि तो म्हणतो, पण तुम्हाला रस्ता दिसत नाही. पुढे एका उघड्यावाघड्या वेड्याला द्यायला म्हणून स्वतःकडचे सगळ्यात चांगले कपडे आणायला जातो. म्हणजे ‘देव गंमत म्हणून मारतात’ हे वाक्य शेक्सपिअरने अशा ठिकाणी ठेवलंय जिथे एक कूळ आपल्या मालकाचा हात सोडत नाही. वाक्य खोटं पडतं असं मी म्हणत नाही. ते वाक्य आणि तो हात दोन्ही एकाच वेळी स्टेजवर आहेत एवढंच म्हणते. तुम्ही तर त्याला खोतच केलाय, मग कुळाचा तो प्रवेश कोकणात किती चढेल! दादाला विचार, कूळ ठेवलंय का?

---

गळकं_इंजिन

बाई, तुमचं दोनदा वाचलं. कूळ पण कापलंय. आजच विचारलं. म्हणाला खोत आणि कूळ म्हटलं की गावात वेगळीच चर्चा सुरू होईल, अर्ध्या वाडीचे दावे अजून कोर्टात आहेत 😄

---

ओहोटी

वेंगुर्ल्याहून. बाई, तुमचा आदर आहेच आणि मॅकबेथबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के मान्य, पण लिअरमध्ये तुम्ही हातचलाखी केलीत असं मला वाटतं. अंड्याच्या पांढऱ्याने डोळे परत येत नाहीत. कुळाने हात धरला तरी ग्लॉस्टर पुढे मरतोच, तोही स्टेजमागे, एका माणसाच्या सांगण्यातून. आणि कॉर्डेलिया, म्हणजे धाकटी, ती कशी मरते ते तुम्ही सांगितलंच नाहीत. विसरभोळेपणाने मरते. शब्दशः. शेवटी सगळे हिशोब चुकते होत असतात, दुष्ट मरतायत, भावाभावाची ओळख पटतेय, आणि कोणीतरी मधेच विचारतं की राजा कुठाय, आणि ऑल्बनी, त्यातला सगळ्यात बरा माणूस, म्हणतो अरे हो, एवढी मोठी गोष्ट राहूनच गेली. राहून गेली! मग धावपळ, फाशीचा हुकूम थांबवायला माणूस पळतो, ऑल्बनी म्हणतो देव तिचं रक्षण करोत, आणि पुढच्याच क्षणी लिअर मेलेल्या पोरीला उचलून आत येतो. देवाचं नाव आणि प्रेत ह्यांच्यामध्ये शेक्सपिअरने एक श्वाससुद्धा सोडलेला नाही. हे दुर्लक्ष नाही, हे मुद्दाम आहे, कारण त्याच्या आधी जे लिअरचं जुनं नाटक होतं त्यात म्हातारा परत गादीवर बसतो आणि धाकटी जिवंत राहते. त्याने तो शेवट समोर असताना हा केला.

आणि लोकांना तो सोसला का? नाही. १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या माणसाने शेवट बदलून कॉर्डेलियाचं लग्न लावून दिलं आणि सुमारे दीडशे वर्षं इंग्लंडात तोच लिअर चालला. डॉक्टर जॉन्सनसारखा पहाडाएवढा इंग्रज टीकाकार, तो म्हणतो की शेवटचे प्रवेश मी पुन्हा वाचूच शकलो नाही, संपादन करायची वेळ आली तेव्हाच वाचले. तर मला वाटतं दादा बरोबर आहे. लोकांना सुटायला वाट हवीच असते, मग ती लग्नाची असो की अंड्याची.

फक्त एक. निरर्थकता दाखवायची तर दादाने नाटक चुकीचं निवडलंय. शोकांतिकेत निदान कोणीतरी मोठ्याने ओरडतं, राजा पडतो, आभाळ गडगडतं, म्हणजे काहीतरी मोलाचं गेलं एवढं तरी ठरतं. खरी पोकळी बघायची तर १९५३ साली पॅरिसात आलेलं बेकेटचं गोदो. दोन भटके एका झाडाखाली कोणाची तरी वाट बघतात, तो येत नाही, दुसऱ्या अंकात पुन्हा तेच, फक्त झाडाला चारपाच पानं आलीत. गळफास घ्यायचं ठरवतात तर दोरी नाही, म्हणून कमरेची सुतळी सोडतात, तर ह्याची विजारच खाली येते. सुतळी ओढून बघतात तर ती तुटते. तिथे मरणालासुद्धा मान नाही. बेकेटने त्याला ट्रॅजेडी म्हटलंच नाही, इंग्रजीत केलं तेव्हा ट्रॅजिकॉमेडी म्हटलं.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं. आपल्याच मातीतले चिं. त्र्यं. खानोलकर, कुडाळात खाणावळ चालवलेला माणूस, नाटकाचं नावच ‘एक शून्य बाजीराव’. आरवलीचे जयवंत दळवी, ‘संध्याछाया’. त्यात ना खोत आहे ना डोळे काढणं, एक म्हातारा एक म्हातारी आणि रिकामं घर. आमच्या आळीत आज अशी नऊ घरं आहेत, मी मोजलीत, संध्याकाळी टीव्हीचा उजेड आणि एक वाटी आमटी. मुलं ठाण्याला, बंगलोरला, पुढे. कोकणात निरर्थकता दाखवायला शेक्सपिअर आयात करायची गरज नाही.

---

शाळेची_घंटा

हातचलाखी हा शब्द आवडला, पण परत घे. ऑल्बनीचं विसरणं मी लपवलं नाही, तिथपर्यंत पोचलेच नव्हते, चष्मा सापडत नव्हता.

तू म्हणतोस ते खरं आहे की लिअरमध्ये चांगुलपणाचं काहीही फळ मिळत नाही. तुझ्या यादीत मी आणखी एक घालते. डोळे काढताना एक नोकर मालकावरच तलवार उपसतो. त्याला नाव नाही. म्हणतो लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आत्ता तुम्हाला थांबवणं हीच माझी मोठी चाकरी. त्याला रीगन, म्हणजे मधली मुलगी, मागून भोसकते, तो मरतो, आणि त्याला उकिरड्यावर फेका असा हुकूम होतो. पण त्याने केलेला वार जावयाला लागलेला असतो आणि जावई त्यानेच मरतो. आता ह्याला अर्थ म्हणायचं की योगायोग?

माझी तक्रार एवढीच आहे की दादाला निरर्थकता सिद्ध करायला कात्री लागली. नाटकच तसं असतं तर कापावं कशाला लागलं? टेटने सुख घुसवायला कॉर्डेलिया जिवंत केली, आणि दादा दुःख घट्ट करायला गडी मारतोय. दोघांनाही मूळ नाटक अडचणीचं वाटलं, कारण ते दोन्ही बाजूंनी गैरसोयीचं आहे. आणि आपल्याकडे तरी बघ, १९७० चं ‘नटसम्राट’, त्यात लिअर आहे, वाटणी आहे, घराबाहेर पडणं आहे, पण रस्त्यावर त्या म्हाताऱ्याला सांभाळणारा बूटपॉलिशवाला राजापण आहे. त्याला काढून बघ आणि सांग नाटक जास्त काळं होतं की नुसतं पातळ होतं.

एक अवांतर. रत्नागिरीतली असल्यामुळे राहवत नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा, १८८५ साली राज्य गेलं, पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं. त्याचा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच मेला. ३० वर्षं. राज्य परत मिळणार नव्हतं, वर्षामागून वर्ष पावसाळा बघायचा. ओहोटी, तुझा गोदो रत्नागिरीत होऊन गेलाय. पण पर्यटकांना घेऊन मी तिथे जाते तेव्हा सगळ्यांना लाकडी कमानी बघायच्या असतात आणि फोटो. ह्यावरून मला काही सिद्ध करायचं नाही.

आणि हो, विंदा करंदीकर तुमच्या देवगड तालुक्यातलेच. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र त्यांनी १९५७ मध्ये मराठीत आणलं आणि पुढे ‘राजा लिअर’पण. तुमच्या वाचनालयात नक्की असेल, दादाला दे.

---

ओहोटी

नोकराचा वार लागला हे मी विसरलो होतो. हातचलाखी परत घेतो. बाकी मागे घेत नाही.

---

पायपेटीवाला

माका शेक्सपिअर म्हायत नाय, पण सगळा वाचलंय. मी दशावतारात पायपेटी वाजवतंय, ३० वर्सां झाली. आता मराठीत लिहितो, नायतर मुंबयची पोरां म्हणतली समाजला नाय.

बाबा रे, तुझी अडचण अशी की तुझं नाटक लिहिलेलं आहे. लिहिलेलं म्हणून कापता येतं. आमच्यात आख्यान कुठलं ते त्या रात्री ठरतं, कोणी काय बोलायचं ते ज्याचं त्याने बघायचं. छोटा पार्टी, म्हणजे नटसुद्धा, रंगात आला की दहा मिनिटं खातो, मालक विंगेतून डोळे वटारतो, पण करणार काय. आमच्यात कापूक लिवलेलाच नाय.

दुसरं, तुम्ही अर्थ आहे का नाही ते बोलताय म्हणून एक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत अभिमन्यूचं आख्यान होतं. पहाटेचे चार झाले असतील, थंडी मरणाची, पुढे बायका गोधडी पांघरून बसलेल्या. अभिमन्यू पडला, सुभद्रा आली. सुभद्रा करणारा आमचा स्त्रीपार्टी जुना माणूस, भाषा एकदम शुद्ध, संस्कृत संस्कृत शब्द. विलाप चालू होता आणि मधेच त्याने कृष्णाकडे वळून विचारलं. तुम्हाला गोष्ट माहीत आहे ना, अभिमन्यू पोटात होता तेव्हा कृष्ण सुभद्रेला चक्रव्यूह सांगत होता, तिला झोप लागली, म्हणून पोराने आत शिरायचं ऐकलं, बाहेर यायचं ऐकलं नाही. तर ह्याने राणीची भाषा सोडली आणि एकदम मालवणीत विचारलं, ‘‘माका डोळो लागलो तर तू माका उठवलंस कित्याक नाय?’’

संपलं. कृष्ण गप्प. तो कृष्ण करणारा साधा माणूस नव्हे, गीता तोंडपाठ, नारदाला वादात हरवणारा. तो माझ्याकडे बघायला लागला. आम्हाला खूण असते, उत्तर सुचेना झालं की पेटीने सांभाळायचं. मी एकच सूर धरला, पायाने भाता मारत राहिलो. मृदंगवाल्याने हात उचलला होता तो तसाच ठेवला. समोर एक म्हातारी तोंडाला पदर लावून ‘गे बाय माझ्या’ म्हणाली तेवढाच आवाज. कितीतरी वेळ. मग कृष्ण किरीटासकट नुसता खाली बसला, तिच्याशेजारी.

सकाळी चहाला मी त्याला विचारलं, काय झालं रे, उत्तर नव्हतं? म्हणाला, ‘‘काय सांगतलंय तेका? बरोबर इचारल्यान.’’

दोन दिवसांनी दुसऱ्या गावात परत तेच आख्यान लागलं. सुभद्रेने तोच प्रश्न विचारला. ह्या वेळी कृष्ण तयारी करून आलेला, कर्म, प्रारब्ध, आत्मा अमर, चांगलं पंधरा मिनिटं बोलला. टाळ्या पडल्या. पण ती पहिली रात्र काय झाली नाय.

---

काजू_बोंडू

काका, मस्करी करायला आलो होतो, आता बसतो गप.

---

गळकं_इंजिन

पायपेटीवाले काका, तुमचं लिहिलेलं मी काल दादाला आणि सगळ्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘उठवलंस कित्याक नाय’ला खोत करणारे आमचे आबा उठून बाहेर गेले. त्यांचा पुतण्या गेल्या पावसाळ्याआधी बोटीवर गेला तो आला नाही. त्या बोटीचं इंजिन मीच सहा महिने आधी उघडलं होतं, दोष इंजिनात नव्हता असं सगळे सांगतात, मीपण स्वतःला सांगतो. त्या दिवसांत वाडीत ‘काय अर्थ नाय रे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की दादाने ते पहिल्या तालमीला म्हटलं तेव्हा मला नवीन काहीच वाटलं नव्हतं. पण तेव्हा त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती आणि रोज सकाळी शेजारून पेज जायची, कोणाच्या घरची कधी ते कोणी ठरवलं नव्हतं, टोप परत करताना नेहमी घोटाळा व्हायचा की हा कोणाचा. पेज नेऊन देणारी माणसंच घरी येऊन ‘काय अर्थ नाय’ म्हणायची. मला वाटतं बाई ते हात आणि वाक्याचं म्हणतात ते असं काहीतरी असणार, नक्की सांगता येत नाही.

आबा दहा मिनिटांनी आत आले आणि दादाला म्हणाले की अंडं ठेव. एवढंच. दादा काही बोलला नाही, मग म्हणाला वाक्यं नको, फक्त काम ठेवू. म्हणजे आता असं ठरलंय की डोळे काढले, जावई गेला, मी येतो, काही न बोलता पांढरं वेगळं करतो, आणि मी ते बापूसाहेबांच्या तोंडाजवळ नेतो तेवढ्यात काळोख. लावलं का नाही ते दिसणार नाही. दादाला त्याची बंद वाट मिळाली असं तो म्हणतो, मला वाटतं मला माझा रोल मिळाला, आम्ही दोघं एकाच गोष्टीवर खूश आहोत आणि दोघांनी वेगळीच गोष्ट बघितलीय. ओहोटी, तुम्ही मेमध्ये या आणि कोण बरोबर ते सांगा, जेवणाची सोय आहे.

कुळाचा प्रवेश नाहीच, बाई. त्याला तो तयार होईना. विंदांचा लिअर वाचनालयात आहे पण कोणीतरी नेलाय आणि रजिस्टरात दादाचंच नाव आहे.

आता नवीनच लफडं. आज देवळाचे मानकरी तालमीला येऊन बसले, त्यांनी अंडं बघितलं. म्हणाले सत्यनारायणाच्या दिवशी देवळाच्या आवारात अंडं? चालणार नाही. मी म्हटलं शेक्सपिअरने लिहिलंय, तर म्हणाले त्याच्या गावात करा. त्यांचंपण चुकत नाही. खोटं प्लास्टिकचं अंडं घेतलं तर बलक कुठून आणू, ते वीस सेकंदच जातात. काही सुचवा. कोरफड डोक्यात आहे पण सोलताना ती फार घसरते आणि लोक हसतील.

---

ओहोटी

येतो मेमध्ये. कोरफड नको, टीव्हीवरची जाहिरात वाटेल.

---

शाळेची_घंटा

हळद आणि खोबरेल? पण त्यात हाताला काम कमी, नुसतं कालवायचं.

---

पायपेटीवाला

अंडा कित्याक व्हया? धावत जावन रानमोडीचो पालो घेवन ये. दोनी तळव्यात चोळ, रस येयसर चोळ, हिरवो रस बोटांतसून गळाक होयो. थयसर बसलेल्या पत्येकाच्या जखमेर कोणी ना कोणी तो कधीतरी लावलेलो आसतलो, वास पयल्या रांगेपर्यंत जातलो. देवळाच्या मागे व्हयो तितको आसा, मानकरी काय म्हणाचे नाय.